घाव वरून, तडा आतून : विणलेल्या फायबरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात फायबरच्या कामावरचे प्रश्न बरेच आले. कुणाची होडी, कुणाची स्पर्धेची गाडी, कुणाचा कॉलेजचा प्रकल्प. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचे दुखणे एकच आहे. लॅमिनेटला (रेझिन या कडक होणाऱ्या द्रवात भिजवलेल्या कापडांच्या थरांना) दणका बसला की कापडाचे धागे तुटतात ते सगळ्यात शेवटी. त्याआधी रेझिनला बारीक तडे जातात, ते दोन कापडांच्या मधल्या जागेत शिरतात आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणून महागडे कापड आणायच्या आधी दोन थरांमधल्या त्या पातळ जागेचे काय करता येईल ते पाहावे.

प्रश्न : आम्ही २२ फुटी फायबर होड्या बांधतो. बुडाला जेलकोट (सर्वांत बाहेरचा नुसत्या रेझिनचा थर) आणि त्यावर दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे ६ थर, साध्या पॉलिस्टर रेझिनमध्ये. खडकाला बूड लागले की आतून पांढरा डाग दिसतो, कधी आरपार भोक पडते. रोव्हिंग (जाड धाग्यांचे विणलेले कापड) घाला असे काही जण सांगतात. आमचे जुने कारागीर मात्र म्हणतात, रोव्हिंग सालपटासारखे सुटते. कोणाचे ऐकायचे? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : दोघांचेही. मॅटमध्ये काचेच्या तंतूंचे साधारण बोटभर लांबीचे सुटे तुकडे असतात. तडा गेला की तो तुकड्यांना वळसा घालून पुढे सरकतो आणि आरपार जातो. विणलेल्या रोव्हिंगमध्ये धागा अखंड असतो. भोक पाडायचे तर तो ओढून तोडावा लागतो आणि त्यात आघाताची बरीच ऊर्जा खर्च होते. म्हणून रोव्हिंग हवेच.

कारागिरांचा अनुभवही खरा आहे. रोव्हिंगचा पोत चटईसारखा उंचसखल असतो. एकावर एक दोन रोव्हिंग ठेवले की ते फक्त उंचवट्यांवर टेकतात आणि मधल्या खळग्यांत नुसते रेझिन साचते. त्या पातळीत तंतूच नसल्यामुळे तडा मोकळ्या रस्त्यासारखा धावतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक दोन रोव्हिंगच्या मध्ये मॅट. मॅटचे तुकडे खळगे भरतात आणि दोन्हीकडच्या कापडांना धरून ठेवतात.

तुमच्या बुडासाठी असा क्रम सुचवतो. जेलकोट सुमारे ०.५ मिमी. त्यावर ३०० ग्रॅम मॅटचा एक थर, हवा पूर्ण काढून. मग ४५० ग्रॅम मॅट आणि ६०० ग्रॅम रोव्हिंग अशा ३ जोड्या. शेवटी आतून ३०० ग्रॅम मॅट. मॅटला वजनाच्या २.३ पट आणि रोव्हिंगला वजनाइतके रेझिन धरले, तर दर चौरस मीटरला ३,७५० ग्रॅम काच, सुमारे ६.३ किलो रेझिन आणि जेलकोट सोडून ६.७ मिमी जाडी होते. तुमच्या सध्याच्या ६ मॅटमध्ये २,७०० ग्रॅम काच, ६.२ किलो रेझिन आणि जवळपास ६.२ मिमी जाडी आहे. म्हणजे रेझिनचा खर्च जवळजवळ तोच राहतो, काच मात्र किलोभर वाढते. कण्याच्या रेषेवर आणखी २ जोड्या घाला. पहिली ३०० मिमी रुंद, दुसरी ४५० मिमी. दोन्हींच्या कडा एकाच रेषेत संपू देऊ नका, कारण जाडी जिथे एकदम बदलते तिथूनच थर उचकटायला लागतो. फळ्या आणि आडव्या फ्रेमच्या बांधणीत मात्र यामुळे बदल करू नका. ती ज्याने आखली त्याला नवा क्रम दाखवून घ्या.

हाताच्या कामात चार ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, रोव्हिंग कोरडे अंथरून वरून रेझिन ओतणे. आधी मॅट पूर्ण भिजवा, त्या ओल्या मॅटवर रोव्हिंग पसरा आणि खालून वर आलेले रेझिन रोलरने दाबत आणा. असे केले की हवा वर निघते. वरून ओतलेले रेझिन हवेला खाली कोंडते. लॅमिनेटमध्ये हवेचे प्रमाण १ टक्क्याने वाढले की थरांमधली पकड साधारण ७ टक्क्यांनी घटते, असा जुना ठोकताळा आहे.

दुसरा, कण्याचा आणि कडेचा कोपरा. ६०० ग्रॅमचे रोव्हिंग काटकोनात बसत नाही. ते पुलासारखे तरंगते आणि खाली पोकळी राहते. कोपऱ्यात किमान १२ मिमी त्रिज्येची गोलाई पुट्टीने आधीच करून घ्या.

तिसरा, वेळ. जोडीवर जोडी त्याच दिवशी चढली तर रेझिन एकमेकांत रासायनिक धरते. काम दोन-तीन दिवस थांबले, तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पृष्ठभाग घासून, धूळ काढून मगच पुढे जा. चकाकी राहिलेल्या भागावर नवा थर नुसता चिकटवल्यासारखा बसतो, आणि कारागिरांनी पाहिलेले सालपट बहुधा इथलेच असते. उलट घाईने एका दमात पाच-सहा थर चढवले तर रेझिन तापते, पिवळे पडते आणि आतून चिरते. एका वेळी एक किंवा दोन जोड्या पुरे.

चौथा, हार्डनर, म्हणजे रेझिन पिकवणारे रसायन. १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. मे महिन्यात १० च्या बाजूला, पावसाळ्याच्या गारव्यात २० च्या बाजूला. १० च्या खाली गेलात तर रेझिन कधीच पुरते पिकत नाही आणि महिनाभराने बोटाच्या नखाने ओरखडा उठतो. आणि हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा : हार्डनर आणि कोबाल्ट (पिकणे वेगवान करणारे द्रावण) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग हार्डनर.

रेझिनही बदला. साधे ऑर्थो पॉलिस्टर सुमारे २ टक्के ताणावर (म्हणजे तितके लांबल्यावर) तुटते, आयसो पॉलिस्टर जरा जास्त सोसते, व्हिनिल एस्टर ५ ते ६ टक्के सोसते. काचेचा धागा साध्या पॉलिस्टरपेक्षा बराच जास्त ताण सोसू शकतो, पण आधी रेझिनच चिरले तर धाग्याचे बळ वापरले जात नाही. सगळी होडी व्हिनिल एस्टरमध्ये परवडत नसेल, तर निदान जेलकोटलगतचा थर आणि कण्यावरच्या जादा जोड्या त्यात करा.

वाळूवर ओढून बूड झिजणे हा वेगळा आजार आहे. त्याला लॅमिनेट वाढवून उपयोग नाही. कण्याखाली बदलता येईल अशी लाकडाची किंवा एचडीपीई प्लास्टिकची पट्टी लावा आणि तिच्या बोल्टची भोके नीट सील करा.

प्रश्न : त्याच होडीबद्दल. डाग दिसला की नेमका किती भाग काढून दुरुस्त करायचा?

उत्तर : डाग दिसतो त्यापेक्षा जास्त. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टिचक्या मारत बाहेरून आत या. धड भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. बद्द आवाजाची सीमा पेन्सिलने आखा आणि त्याच्याही बाहेर २० मिमी धरा. मग उतार घासा : जाडीच्या १२ पट. ६.७ मिमी जाडीला चहूबाजूंनी ८० मिमी. बुडावर सर्वांत लहान तुकडा आधी की मोठा, यावर कारागिरांत मतभेद असतात. आमचे मत मोठा आधी. त्याची सगळी कड ताज्या घासलेल्या उतारावर टेकते आणि वरचे लहान तुकडे घासताना तो कापला जात नाही. रेझिनच्या आधी लॅमिनेट वाळलेले हवे. खाऱ्या पाण्यातून काढलेल्या होडीला गोड्या पाण्याने धुऊन काही दिवस उन्हात ठेवा.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आम्ही काचेच्या कापडाच्या तीन विणी तुलना करतो आहोत : साधी, ट्विल आणि ८ हार्नेस सॅटिन. एलवाय ५५६ (एपॉक्सी रेझिन) आणि एचवाय ९५१ (त्याचा हार्डनर), हाताने बनवलेले लॅमिनेट, इझॉड ही आघात चाचणी. आकडे इतके विखुरलेले आहेत की निष्कर्षच निघत नाही. (विद्यार्थ्यांचा गट, सांगली)

उत्तर : आकडे विखुरण्याचे कारण विणीत नाही, आधी तुलनेत आहे.

वीण काय करते ते पाहू. साध्या विणीत ताण्याचा (उभा) प्रत्येक धागा बाण्याच्या (आडव्या) एकावरून, एकाखालून जातो, म्हणून धागा सर्वांत जास्त लहरतो. ट्विलमध्ये दोनावरून, दोनाखालून. ८ हार्नेस सॅटिनमध्ये सातांवरून आणि एकाखालून, म्हणजे धागा जवळजवळ सरळ. सरळ धागा ताणात आणि दाबात चांगला. लहरणारा धागा त्यात कमी पडतो, पण थरांमधला तडा पसरताना त्याला प्रत्येक लाटेवर चढउतार करावा लागतो आणि तो लवकर थांबतो. म्हणून साध्या विणीत थर सुटलेला भाग सहसा लहान राहतो आणि सॅटिनमध्ये तो पसरतो. वक्र साच्यावर मात्र साधी वीण सुरकुतते आणि सॅटिन अंगाला बसते. सुरकुती म्हणजे तयार तडा, हे विसरू नये.

आता तुलना. बाजारात सॅटिन कापड बहुधा जाड मिळते. तुम्ही तिन्हींचे १० थर घेतले असतील तर जाडी वेगळी, काचेचे प्रमाण वेगळे. आघातात जाडीचा प्रभाव प्रचंड असतो. ज्या बलाला मधल्या पातळीत थर सुटायला सुरुवात होते, ते बल जाडीच्या दीडाव्या घाताने वाढते. ३ मिमीचे ४ मिमी केले की ते १.५४ पट होते. तेच बल रेझिनच्या चिवटपणाच्या फक्त वर्गमुळाने वाढते, म्हणजे दुप्पट करायला रेझिन चौपट चिवट हवे. मिलिमीटरभर जाडीचा फरक तुमच्या विणीचा सगळा फरक गिळून टाकतो.

म्हणून थरांची संख्या सारखी ठेवू नका, दर चौरस मीटरची एकूण काच सारखी ठेवा. हाताच्या कामाऐवजी व्हॅक्यूम बॅग लावा, किंवा निदान सपाट प्लेटमध्ये ठरावीक जाडीचे स्पेसर ठेवून दाबा. तंतूचे प्रमाण दोन तऱ्हांनी काढा. एक हिशेबाने : एकूण काच भागिले घनता आणि जाडी. २०० ग्रॅमचे १० थर, १.७ मिमी जाडी, काचेची घनता २.५५, म्हणून सुमारे ४६ टक्के घनफळाने. दुसरे, तुकडा ५६५ अंशांच्या भट्टीत जाळून उरलेली काच तोलून. दोन्हींत ३-४ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर आत हवा आहे असे समजा.

सॅटिन कापडाच्या एका तोंडावर ताणा आणि दुसऱ्या तोंडावर बाणा दिसतो. सगळे थर एकाच तोंडाने रचले तर प्लेट वाकते. मधोमध आरसा धरल्यासारखी रचना करा : खालचे अर्धे थर एका तोंडाने, वरचे अर्धे उलटे.

एचवाय ९५१ वजनाने १०० ला १०, तेही ०.१ ग्रॅम वाचणाऱ्या काट्यावर. खोलीच्या तापमानाला २४ तास, मग ८० अंशांत ३-४ तास. हा शेवटचा टप्पा गाळला की आठवड्याने केलेली आणि महिन्याने केलेली चाचणी वेगवेगळी उत्तरे देते. विखुरलेल्या आकड्यांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

शेवटी इझॉड. खाच पाडलेल्या अरुंद पट्टीला लंबकाचा एक फटका आणि पट्टी मोडायला लागलेली ऊर्जा, एवढेच ते सांगते. पट्टीचे थर कोणत्या दिशेला उभे आहेत त्यावर आकडा बदलतो. प्लेटवर दगड पडल्यावर काय होते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वजन पाडण्याची चाचणी हवी, तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : यंत्र विकत घेण्याचे बजेट नाही. वजन पाडण्याची चाचणी वर्कशॉपमध्ये उभी करता येईल का? (तोच गट)

उत्तर : येईल. एएसटीएम डी ७१३६ हे मानक समोर ठेवा. नमुना १५० × १०० मिमी, जाडी ५ मिमीच्या आसपास. खाली १२५ × ७५ मिमीची चौकट, नमुना चार क्लॅम्पनी धरलेला. पडणारे वजन ५.५ किलो, टोक १६ मिमी व्यासाचे अर्धगोल, कडक केलेल्या पोलादाचे. ऊर्जा दर मिलिमीटर जाडीला ६.७ जूल. ५ मिमीला ३३.५ जूल, म्हणजे ५.५ किलोला ६२ सेंमी उंची.

दोन सरळ, पॉलिश केलेले दांडे आणि त्यांवर सरकणारा गाडा एवढ्यावर काम होते. दोन गोष्टी मात्र टाळता येत नाहीत. घर्षणामुळे गाडा हळू पडतो, म्हणून मोबाइलच्या स्लो मोशन चित्रणात शेवटच्या १० सेंमीचा वेळ मोजून खरा वेग काढा आणि उंची त्याप्रमाणे वाढवा. दुसरे, वजन उसळून पुन्हा पडते. उसळी आली की हाताने नव्हे, खटक्याच्या लाकडी ठोकळ्याने अडवा. दुसरा फटका बसलेला नमुना फेकून द्या. गाड्याभोवती जाळी हवी आणि डोळ्यांना चष्मा.

नंतर खड्ड्याची खोली मोजा. काचेचा नमुना उजेडापुढे धरून सुटलेल्या भागाचे छायाचित्र घ्या आणि क्षेत्रफळ मोजा. कार्बनमध्ये असे आरपार दिसत नाही. तिथे वरून जेमतेम खळगा आणि आत तळहाताएवढे थर सुटलेले असे सहज असू शकते. म्हणून खरा निकाल आघातानंतर नमुना दाबून किती बळ उरले यावरून ठरतो.

प्रश्न : विद्यार्थी स्पर्धेच्या गाडीचे खालचे आवरण कार्बन कापडाचे आहे. खडी उडून तडे जातात. केव्हलार घालायचे ठरवले आहे, पण कुठल्या बाजूला? शिवाय एपॉक्सीत रबर घालून फायदा होतो का? (पुणे)

उत्तर : आधी ठरवा : भोक पडू नये हे महत्त्वाचे, की दणक्यानंतरही आवरण ताठ राहावे हे? दोन्हींची रचना वेगळी. खालच्या आवरणाला पहिले महत्त्वाचे, असे धरून उत्तर देतो.

नेहमीचा कार्बन सुमारे १.५ टक्के ताणावर तुटतो, केव्हलार ४९ सुमारे २.४ टक्क्यांवर, काच त्याहून बरीच पुढे. डुपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलार या तंतूची घनता फक्त १.४४ आहे, पण दाबात तो कमजोर आहे. दणका बसतो त्या बाजूला दाब येतो आणि पाठीमागे ताण. पातळ आवरणात पहिला तडा ताणाच्या बाजूनेच निघतो. म्हणून केव्हलार पाठीमागे, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला. खडीच्या बाजूला काच, मध्ये कार्बन. बाहेर काच असल्याने ती पांढरी पडते आणि मार लागलेली जागा दिसते, हा जादा फायदा. केव्हलारला उन्हाने इजा होते आणि घासल्यावर त्याची लव उठते, म्हणूनही ते बाहेर नको.

केव्हलार कापायला दातेरी धारेची कात्री लागते. ते हवेतले पाणी धरते. अंथरण्याआधी १०० अंशांच्या आसपास दोन तास वाळवून गार करा. साध्या पॉलिस्टरशी ते नीट जुळत नाही, एपॉक्सी किंवा व्हिनिल एस्टर घ्या. आणि एपॉक्सीसोबत नेहमीची मॅट वापरू नका. तिचे तुकडे धरून ठेवणारा बांधक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत स्टायरिन नसते, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि पुरती भिजत नाही.

रबराचा फायदा होतो, पण कुठले रबर त्यावर. द्रव सीटीबीएन रबर एपॉक्सीशी आधी गरम करून जोडलेले असावे लागते, आणि पिकताना ते बारीक थेंबांत वेगळे झाले तरच काम करते. खोलीच्या तापमानाला झटपट पिकणाऱ्या रेझिनमध्ये बहुतेकदा ते विरघळलेलेच राहते. मग रेझिन मऊ होते, उष्णता कमी सोसते आणि चिवटपणा हाती फार लागत नाही. तुमच्या कामाला कोअर-शेल रबराचे (कवच असलेल्या बारीक रबरी कणांचे) एपॉक्सीतले तयार मिश्रण बरे. समजा त्यात २५ टक्के रबर आहे आणि १०० भाग एपॉक्सीला ५ भाग रबर हवे. २० भाग मिश्रण घ्या, त्यात ५ रबर आणि १५ एपॉक्सी. त्यात ८५ भाग साधे एपॉक्सी घाला. हार्डनर रबरावर मोजायचा नाही, १०० भाग एपॉक्सीवर मोजायचा. हीच चूक सर्वांत जास्त होते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. नुसत्या रेझिनचा चिवटपणा कितीतरी पट वाढला तरी लॅमिनेटमध्ये त्याचा थोडाच वाटा उतरतो. दोन कापडांमधली जागा इतकी पातळ असते की रेझिनला ताणून खेचले जायला वावच मिळत नाही. म्हणूनच विमानांच्या प्रीप्रेगमध्ये (आधीच रेझिन भरलेल्या कापडात) नेमक्या थरांच्या मध्ये थर्मोप्लास्टिकचे कण पेरतात; बोइंग ७८७ साठीच्या टोरे कंपनीच्या साहित्यात हीच युक्ती आहे. तुम्हाला त्याच्या जवळ जायचे तर पॉलिअमाइडचा (नायलॉनचा) दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅमचा न विणलेला पातळ पडदा थरांमध्ये घाला. सगळीकडे नको, बाहेरच्या दोन-तीन जागी पुरे. कार्बन नॅनोट्यूबच्या मागे लागू नका. हाताने ढवळून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि इन्फ्युजन केले (कोरड्या कापडात रेझिन ओढून घेतले) तर कापडच त्यांना गाळून एका टोकाला साठवते.

प्रश्न : तागाचे विणलेले कापड स्वस्त आहे. त्याचे हेल्मेट किंवा पॅनेल होईल का?

उत्तर : पॅनेल होईल. हेल्मेट घरी बनवू नका. डोक्यासाठी आयएसआय शिक्का असलेलेच घ्या.

ताग पाणी पितो, म्हणून त्याची रेझिनवरची पकड सैल असते. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात २ ते ४ तास बुडवा, भरपूर पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून खार मारा आणि ८० अंशांत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. खार जास्त तीव्र किंवा वेळ जास्त झाला तर धागाच ठिसूळ होतो. दोन्ही बाहेरच्या अंगांना २०० ग्रॅम काचेच्या कापडाचा एकेक थर, मध्ये ताग. कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्या नाहीत तर पहिल्याच पावसाळ्यात पॅनेल कडेकडून फुगते आणि थर सुटतात.